जाळायला काढलेली खुर्ची

“हे समदं जाळायचं हाय, बाय,” धोंडू म्हणाला. “शेठाणी मुंबईला जाताना सांगून गेली. मागल्या खोलीतलं सामान दर्याकाठी ने नि काडी लाव, म्हणाली.”

बकुळा तोवर खुर्चीपाशी पोचलीसुद्धा होती. बंगल्याच्या मागच्या अंगणात, सुरूच्या झाडांखाली सामान काढून ठेवलं होतं. लांब हातांची एक आरामखुर्ची, तिची जाड गादी, पारा उडालेला लंबगोल आरसा आणि पुस्तकांचं एक बुटकं कपाट. तिने खुर्ची आडवी केली आणि खालच्या बाजूला नखाने खरवडून पाहिलं. काळपट थराखालून मधासारखा रंग वर आला. अस्सल सागवान! वेत तेवढा एका अंगाने फाटला होता.

“जाळायची? ही?” ती म्हणाली. “अरे, अशी खुर्ची आमच्या स्टेशनमास्तरांकडं नाही.”

“मोठ्या लोकांचं काय सांगावं.” धोंडूने खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं. गेली वीस वर्षं तो या बंगल्याचा माळी आणि रखवालदार होता. “पन त्याचं असं झालं बाय, की—”

“तुझ्या भावाची गाडी मिळेल ना रे?” बकुळाने मधेच विचारलं. “उद्या सकाळीच आण. हे आठाला ड्युटीवर जातात, त्यानंतर.”

धोंडू थांबला. त्याने एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा समुद्राकडे, आणि मान डोलावली.

तो काहीतरी सांगणार होता, हे बकुळाला कळलं होतं. ते ऐकलं तर खुर्ची हातची जाईल, एवढंही कळलं होतं. म्हणूनच तिने ते ऐकून घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीतून सामान मसोलीच्या रस्त्याने रेल्वेच्या चाळीत आलं. धोंडूच्या बायकोसाठी तिने दोन धडशी लुगडी दिली आणि तो व्यवहार संपला.

बकुळाचा नवरा वासुदेव चुरी डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क होता. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि तेवढ्यात चार स्टेशनं झाली होती. प्रत्येक ठिकाणी त्याच दोन खोल्या, तोच पिवळा रंग, दारावर तसाच काळा नंबर. बकुळा चिंचणीच्या वाडीतली. माहेरी खाणारी तोंडं चौदा. त्या घरात तिचा म्हणून एक कोनाडासुद्धा नव्हता. लग्नात मिळालेली ट्रंक ही तिची पहिली वस्तू. तेव्हापासून तिला एकच ध्यास होता, की आपण राहतो ती जागा घरासारखी दिसली पाहिजे. नव्या वस्तू घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून लोकांनी टाकलेल्या वस्तूंवर तिची नजर गेली आणि तिथंच जडली.

पार्सलच्या फुटक्या पेट्यांच्या फळ्या जोडून तिने मांडणी केली होती. चहाच्या खोक्याला छिटाची झालर लावून स्टूल केलं होतं. आशागडला कुणाचं तरी घर पाडलं, तेव्हा तिथली रंगीत काचांची झडप तिने डोक्यावरून आणली आणि खिडकीत बसवून घेतली. दुपारी तिच्यातून जमिनीवर उन्हाचे लाल-हिरवे तुकडे पडत. एकदा तलासरीच्या बाजारातून बांबूची चटई आणून तिने ती भिंतीला ठोकली.

“अगं, चटई खाली अंथरतात,” वासुदेव म्हणाला होता.

“पोपडे भिंतीचे निघालेत, जमिनीचे नाहीत,” ती म्हणाली होती, आणि तो खो खो हसला होता. हसता हसता त्याला ठसका लागला होता. त्याला नेहमीच ठसका लागायचा. पार्सल ऑफिसात दिवसभर गवताच्या गासड्या आणि सुक्या मासळीच्या टोपल्या, वर विडी. चाळीतल्या निम्म्या पुरुषांना तसा खोकला होता.

या खुर्चीवर बकुळाने तीन आठवडे घातले. सोड्याच्या गरम पाण्याने ती घासली, पॉलिशपेपरने तिचा काळा थर उतरवला, स्पिरिटमध्ये चपडी लाख भिजवून तिच्यावर चार हात दिले. वेत विणणारा एक जण स्टेशनापाशी बसायचा. त्याच्या शेजारी उकिडवं बसून तिने विणकाम पाहून घेतलं आणि फाटका भाग स्वतः विणला. आरशाचा पारा जिथं जिथं उडाला होता, तिथं तिथं तिने काचेवर तेलरंगाने वेल काढली. डाग पानांखाली गेले, आणि पाहणाऱ्याला वाटे की वेल आधीपासूनच होती.

गादी उसवून आतला कापूस तिने तीन दिवस उन्हात टाकला. चौथ्या दिवशी ती आणि नयना काठ्या घेऊन तो झोडपायला बसल्या. नऊ वर्षांची नयना काठी चालवण्यापेक्षा कापूस उधळण्याचंच काम जास्त करत होती.

“आई, बघ, मी म्हातारी झाले!” केसांवरचा कापूस दाखवत ती म्हणाली. मग कंबरेत वाकून, काठी टेकत, चाळीच्या टोकापर्यंत चालत गेली आणि सगळ्यांना “काय गं सूनबाई, जेवलीस का?” असं विचारत परत आली. शेजारच्या मनोरमावहिनी हसून हसून बेजार झाल्या.

“बकुळा, लोक नवं आणून चार दिवसांत जुनं करतात,” त्या खुर्चीवरून हात फिरवत म्हणाल्या. “तुझं आपलं उलटंच.”

खुर्ची नयनाचीच झाली. शाळेतून आली की ती तिच्यात बसे. पाय जमिनीला टेकत नसत. संध्याकाळी वासुदेव आला की तिला उठवून स्वतः बसे आणि तिला मांडीवर घेई. ती त्याच्या छातीवर मान टेकून वर्तमानपत्रातल्या जाहिराती मोठ्याने वाची.

“तात्या, तुमच्या छातीत मांजर आहे,” ती एकदा कान लावून म्हणाली. “घुर्र घुर्र करतंय.”

“उंदीर खाल्ला असेल,” वासुदेव म्हणाला.

आतल्या खोलीत भाजी चिरताना बकुळाला हे ऐकू आलं, आणि तिला वाटलं की आता आपल्याला काही नको. बदली झाली तर हे सगळं नेता येईल की नाही, एवढीच काय ती काळजी.

पौषात नयनाचं डोकं दुखायला लागलं. आधी वाटलं, चष्मा लागणार. मग उलट्या झाल्या. कृमी असतील म्हणून औषध दिलं. आठ दिवस बारीक ताप राहिला. जी पोर घटकाभर गप्प बसायची नाही, ती खुर्चीत भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागली. एका सकाळी बकुळा तिला दूध द्यायला गेली, तर तिने आईकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही कोण?”

त्याच दिवशी तिला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. पाठीतून पाणी काढलं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. म्हणाले, मेंदूच्या आवरणाला क्षय झालाय, फार उशिरा आणलंत.

“घरात कुणाला खोकला? क्षयाचं कुणी माणूस येऊन राहिलं होतं?”

“नाही,” बकुळा म्हणाली.

“नाही,” वासुदेव म्हणाला.

डॉक्टरांनी दोघांचेही एक्स-रे काढून घ्यायला लिहून दिलं आणि ते पुढच्या खाटेकडे वळले.  क्षय हा शब्द कानावर पडल्याबरोबर बकुळाच्या डोळ्यांपुढे सुरूची झाडं आली. हे समदं जाळायचं हाय, बाय.

सतरा दिवस सुया चालल्या. अठराव्या दिवशी दुपारी नयना गेली.

तेरावा झाल्यावर वासुदेव एक्स-रेचे निकाल आणायला मुंबईला जाऊन आला. बकुळा भिंतीला टेकून बसली होती.

“तुझं साफ आहे,” टोपी खुंटीला अडकवत तो म्हणाला.

“नि तुमचं?”

“साफ आहे.”

तिने मान हलवली. मग घरात जर रोग नव्हता, तर तो आला कुठून, हे तिच्यापुरतं पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी ती चालत बंगल्यावर गेली. धोंडू चिकूच्या झाडांना आळी करत होता. तिला पाहून त्याने कुदळ खाली ठेवली.

“धोंडू, त्या खुर्चीत कोण बसायचं?”

धोंडूने पंच्याला हात पुसले. “शेठाणीचा भाचा,” तो म्हणाला. “आठ महिने होता हितं. डॉक्टरनं दर्याची हवा खायला सांगितली व्हती. दिवसभर त्याच खुर्चीत, दर्याकडं तोंड करून. रगत पडायचं तोंडातून.” त्याचा आवाज खाली गेला. “मी सांगत व्हतो, बाय. तू गाडीचं इचारलंस.”

“हो,” बकुळा म्हणाली. “मीच विचारलं.”

संध्याकाळी वासुदेव घरी आला, तेव्हा ती त्याच्यापुढे उभी राहिली आणि तिने सगळं सांगितलं. जाळायला काढलेली वस्तू आपण कशी आणली, धोंडू सांगत असताना त्याला कसं तोडलं, कापूस झोडपताना नयनाच्या नाकातोंडात तो कसा गेला. सांगताना तिला रडू आलं नाही. तो मारील, निदान ओरडेल, अशी तिची अपेक्षा होती. खरं तर तीच आशा होती.

वासुदेव खुर्चीतच बसला होता. तो दोन्ही हातांकडे पाहत राहिला. तोंड उघडून त्याने काहीतरी बोलायला घेतलं आणि मिटलं. मग उठला, खुर्चीपासून दोन पावलं बाजूला झाला आणि म्हणाला, “जाळून टाक.”

चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी खुर्ची नेली. वासुदेवने कुऱ्हाडीने तिचे पाय तोडले. कपाट, गादी, आरसा, सगळं एकावर एक रचलं. एकदा सुरुवात केल्यावर बकुळाला थांबता येईना. तिने छिटाचं स्टूल आणलं, मांडणी आणली, भिंतीवरची चटई ओरबाडून आणली. न जाणो, कशाकशात काय असेल. रंगीत काचांची झडप तिने उचकटून आणली. ती जळेना, नुसती तडकत राहिली. चाळीतली माणसं आपापल्या मागच्या दारांत उभी होती. कुणी जवळ आलं नाही. मनोरमावहिनींनी पोरांना आत घेतलं आणि दार लावलं.

वासुदेव तिच्या शेजारी उभा होता. आग विझेपर्यंत तो तिथून हलला नाही. बकुळाला वाटलं, देवमाणूस आहे हा. एका शब्दाने बोलला नाही मला.

त्यानंतर त्या घरात दोन ट्रंका, चार भांडी आणि अंथरुणं एवढंच उरलं. पोपडे पुन्हा दिसू लागले. ती पाहत असे, पण काही करत नसे. शेजारणी नळावर भेटत, बोलत. घरात येत नसत. नवऱ्यासमोर मात्र बकुळा आता मान खाली घालून वावरे. त्याने मागण्याआधी पाणी पुढे करी. तो बाहेर ओटीवर झोपू लागला, आपला पेला वेगळा ठेवू लागला, आपलं ताट आपणच घासू लागला. तिला वाटे, माझ्या हातचं नको झालंय याला, आणि ते बरोबरच आहे. जेवताना तो अर्धा भात टाकी. सदरा खांद्यांवरून उतरू लागला. तेही तिने आपल्याच खात्यावर घेतलं. पोरीच्या दुःखाने झिजतोय, आणि ते दुःख या घरात आणलं कुणी?

एकदा दोनदा तो म्हणाला, “बकुळा, ऐक जरा.”

“काय?”

“काही नाही. डाळ छान झालीय.”

श्रावणात एका दुपारी पार्सल ऑफिसचा हमाल धावत आला. साहेब वजनकाट्यापाशी पडलेत, रक्ताची उलटी झालीय. बकुळा होती तशी धावली. त्याला तोवर रेल्वेच्या दवाखान्यात नेऊन बाकावर निजवलं होतं. इथले डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी त्याचा कोट काढला, सदरा सोडला. कोटाच्या आतल्या खिशातून घडीचा एक कागद खाली पडला. डॉक्टरांनी तो उचलून उजेडात धरला आणि वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हे काय? हे तर फेब्रुवारीतलं आहे.” त्यांनी वासुदेवकडे पाहिलं. “दोन्ही फुप्फुसांत जुना क्षय. सुया ताबडतोब सुरू करा, लहान मुलांना जवळ घेऊ नका. सगळं लिहून दिलंय तुम्हाला. पाच महिने काय केलंत?”

वासुदेवने डोळे मिटून घेतले.

बकुळा दारात उभी होती. तिचा पहिला प्रश्न तिलाच विचित्र वाटला. “डॉक्टर, खुर्चीनं होतं का हो हे?”

“कसल्या खुर्चीनं?”

“क्षयाच्या माणसाची खुर्ची होती. गादी होती. कापूस तीन दिवस उन्हात घातला होता मी.”

“बाई, हा रोग लाकडात नाही राहत. रोगी खोकतो, जवळचा माणूस तोच श्वास घेतो, तसा जातो. आणि तीन दिवसांच्या कडक उन्हात काय टिकतंय?” डॉक्टर सुई उकळायला वळले. “खुर्चीला कशाला दोष देता?”

संध्याकाळी त्याला हातगाडीवरून घरी आणलं. बकुळाने ओटीवर अंथरूण घातलं, त्याला दूध दिलं आणि समोर बसली. 

“फेब्रुवारीत कळलं होतं तुम्हाला,” ती म्हणाली.

“हो.”

“मी सांगितलं, तेव्हा माहीत होतं.”

“आदल्या दिवसापासून. सांगणार होतो. धीर होत नव्हता. मांडीवर घेऊन बसायचो मी तिला.” त्याला धाप लागली. “मग तू आलीस नि खुर्चीचं बोललीस. मला… एक क्षण बरं वाटलं, बकुळा. वाटलं, मी नाही. खुर्ची. खरं नव्हतं हे ठाऊक असून बरं वाटलं. नि तो एक क्षण गेल्यावर सांगायचं कसं?”

“पाच महिने मी—” ती थांबली.

“रोज ठरवायचो.”

“औषध का नाही घेतलंत?”

“कुणासाठी?” तो म्हणाला.

बकुळाला राग यायला हवा होता. ती त्या रागाची वाट पाहत बसली. गेले पाच महिने ती रोज सकाळी उठून मनातल्या मनात नयनाची क्षमा मागायची. दिवसातून तेवढाच वेळ पोर तिच्याजवळ असायची. आता तेही गेलं. दोष तिचा नव्हता. ती उठली आणि दिवा लावायला आत गेली. काडी तीनदा विझली.

पंधरा दिवसांत कागद आले. वासुदेवला देशावरच्या एका सॅनेटोरियममध्ये जागा मिळाली होती. क्वार्टर रिकामं करून द्यायचं होतं. निघायच्या सकाळी सामान बांधायला घटकाही लागली नाही. ट्रंका बाहेर नेल्यावर बकुळाने शेजारून पक्कड मागून आणली आणि भिंतींतले खिळे काढायला घेतले. पडद्यांचे, चटईचे, आरशाचा एक मोठा. मग वाटीत चुना कालवून ती एकेक भोक बोटाने बुजवत गेली. बुजवलं की तळव्याने सारखं करायचं, दोन पावलं मागं जाऊन पाहायचं, पुन्हा एक बोट फिरवायचं.

“वहिनी, खिळे राहू द्यायचे होते,” दारातून कुणीतरी म्हणालं. नव्याने बदली होऊन आलेल्या बुकिंग क्लार्कची बायको होती. विशीबाविशीची, हिरव्या बांगड्या अजून हातात. तिच्या मागं ओटीवर तिचं सामान येऊन पडलं होतं. “आम्हाला कामाला आले असते.”

“जुने आहेत. गंजलेत,” बकुळा म्हणाली. “तुम्ही तुमचे ठोका.”

मुलीने मान आत घालून दोन्ही खोल्या न्याहाळल्या. “ऊन येतं का हो इथं?”

“या खिडकीतून येतं. बारापासून तीनपर्यंत.” बकुळाने पदराला चुन्याची बोटं पुसली. “उन्हाच्या बाजूला काही रंगीत लावू नका, उडतं. आणि हा कोपरा ओलसर आहे, इथं पेटी ठेवू नका.”

“बरं झालं सांगितलंत.”

“नि मुलं झाली की,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला आठवेना. तिने किल्ली मुलीच्या हातात दिली.

प्लॅटफॉर्मवर वासुदेव ट्रंकेवर बसला होता. गाडीला अजून वेळ होता. चिकूच्या करंड्या रचून ठेवल्या होत्या, आणि त्याच्या जागेवर आलेला नवा माणूस त्यांवर नंबर टाकत होता. समुद्राकडून वारा येत होता. बकुळा येऊन त्याच्या शेजारी, त्याच ट्रंकेवर बसली.

वासुदेवला खोकला आला. तोंडावर उपरणं धरून तो वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. मग डोळे पुसत म्हणाला, “इथं नको बसूस. माझ्यावरून वारा तुझ्या अंगावर येतोय. माझ्या पलीकडं बस.”

बकुळाने ते ऐकलं. त्याच्या खांद्यावरून घसरलेलं उपरणं तिने सारखं केलं, हात मांडीवर ठेवले आणि तिथंच बसून राहिली.